संगणकावरच्या कामाची रोजकीर्द कशी ठेवावी

शुक्रवारी संध्याकाळी टाइमशीट भरायला बसले की सोमवारची सकाळ आठवत नाही, हा अनुभव संगणकावर बसून डोक्याचे काम करणाऱ्या बहुतेकांना आहे. मग प्रत्येक दिवसाच्या रकान्यात आठ तास लिहून आपण मोकळे होतो. ती नोंद ग्राहकाला बिल लावण्यासाठी असते आणि तेवढ्यापुरती ती पुरेशीही असते. मात्र आपला वेळ कुठे गेला, कोणते काम सलग झाले, कोणते चार वेळा मोडले आणि कशामुळे मोडले, यांपैकी काहीच तिच्यातून कळत नाही. ते जाणून घ्यायचे असेल तर स्वतःसाठी वेगळी नोंद ठेवावी लागते. मी तिला रोजकीर्द म्हणते. दुकानाच्या चोपडीत जसा व्यवहार झाला तसा त्याच दिवशी, त्याच क्रमाने लिहिला जातो आणि त्याची खतावणी, म्हणजे खात्यांनुसार मांडणी, पुढे सवडीने होते, तसेच इथेही करायचे असते.

ही नोंद आपोआप घेणारी सॉफ्टवेअरे आता फुकट मिळतात आणि ती वापरावीत, असेच माझे मत आहे. फक्त एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. यंत्राला कळफलक, माऊस आणि समोर उघडलेली खिडकी एवढेच दिसते, म्हणून ते तेवढेच मोजते. आणि रोज संध्याकाळी तो आलेख पाहता पाहता आपणही स्वतःला तेवढ्याच गोष्टींवरून जोखू लागतो. हे कुणी लादलेले नसते, आपल्याच हातून नकळत होते, आणि म्हणून ते लवकर लक्षात येत नाही. पुढची सगळी पद्धत हा धोका टाळून यंत्राचा उपयोग कसा करून घ्यावा यासाठी आहे.

आधी प्रश्न लिहावा

‘ज्ञानकर्मी’, म्हणजे हातांऐवजी डोक्याने काम करणारा कामगार, ही कल्पना १९५९ मध्ये मांडणारे व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी १९६७ मध्ये कार्यकारी अधिकाऱ्यांना सल्ला दिला होता, की वेळेची नोंद ज्या त्या वेळीच व्हावी, मागाहून आठवून केलेली नोंद भरवशाची नसते. ही नोंद कायम ठेवणे जमत नसेल तर निदान वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी तीन ते चार आठवडे तरी ती ठेवावी, असेही त्यांनी सुचवले होते. त्या काळी हे काम अधिकाऱ्याची सेक्रेटरी करत असे, आज ते सॉफ्टवेअर करते. मुदतीचा त्यांचा सल्ला मला अजूनही अगदी योग्य वाटतो. नोंदीला सुरुवातीची तारीख असावी तशी शेवटचीही असावी, आणि ती पहिल्याच दिवशी वहीवर लिहून टाकावी.

तारखेखाली एक प्रश्न लिहावा. एकच. ‘माझे सलग काम दिवसाच्या कोणत्या वेळी होते?’ हा चांगला प्रश्न आहे. ‘एखाद्या कामाला मी दोन दिवस लागतील असे सांगते, तेव्हा त्याला प्रत्यक्षात किती लागतात?’ हाही चांगला आहे, कारण त्याचे उत्तर हाती आले की पुढच्या वेळी अंदाज देताना त्याचा थेट उपयोग होतो. ‘बैठकींच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा तास वाया जातो का?’ हा प्रश्न ज्यांचे कॅलेंडर ठिगळाठिगळांचे असते त्यांनी जरूर घ्यावा. मात्र ‘मी पुरेसे काम करते का?’ हा प्रश्न घेऊ नये. पुरेसे म्हणजे किती हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. तरीही ते एक आकडा दाखवतेच, आणि आपण त्यालाच उत्तर समजून बसतो.

यंत्राची नोंद

मी ॲक्टिव्हिटीवॉच नावाचे सॉफ्टवेअर वापरते. ते मोफत आणि मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याची सगळी माहिती आपल्याच संगणकावर राहते. ते बसवले की पार्श्वभूमीत चालू राहते आणि समोर कोणते ॲप आहे, त्या खिडकीचे शीर्षक काय आहे, एवढे टिपत जाते. कळफलक आणि माऊस तीन मिनिटे हलले नाहीत की ते आपल्याला ‘जागेवर नाही’ असे धरते. ब्राउजरमध्ये आपण कोणत्या संकेतस्थळावर होतो हे हवे असेल तर त्यासाठीचे एक्स्टेन्शन वेगळे जोडावे लागते. दिवसाचा पट ब्राउजरमध्येच पाहता येतो.

हे सॉफ्टवेअर कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर परवानगीशिवाय बसवू नये. खिडकीच्या शीर्षकांमध्ये ग्राहकांची नावे, फायलींची नावे, ईमेलचे विषय हे सगळे येते, आणि ते टिपून ठेवण्याचा अधिकार आपल्याला असेलच असे नाही. परवानगी मिळत नसेल तर यंत्राची नोंद फोनपुरती ठेवून बाकीचे वहीवर सोपवावे. त्याने फारसे बिघडत नाही. फोनमध्ये तर वेगळे काही बसवण्याचीही गरज नसते. आयफोनमध्ये स्क्रीन टाइम आणि अँड्रॉइडमध्ये डिजिटल वेलबीइंग ही सोय २०१८ पासून आलेली आहे, आणि दोन्ही सेटिंग्जमध्ये सापडतात. तिथे एकूण तासांपेक्षा फोन किती वेळा उचलला किंवा उघडला हा आकडा पाहावा. कामाच्या दृष्टीने तोच अधिक बोलका असतो.

सॉफ्टवेअर बसवल्यावर पहिले काम म्हणजे त्याने आपल्याआपण केलेली वर्गवारी तपासणे. अशी सॉफ्टवेअरे काम, करमणूक, संपर्क असे कप्पे आधीच पाडून देतात आणि यूट्यूबसारखी ठिकाणे करमणुकीत टाकतात. जो माणूस चित्रफितींना मराठी उपशीर्षके लिहितो त्याचा सगळा दिवस त्या हिशेबाने करमणुकीत जमा होईल. उलट बाजूने, स्प्रेडशीट उघडी ठेवून रकान्यांचे रंग बदलत घालवलेला पाऊण तास कामात जमा होतो. म्हणून हे कप्पे पुसून स्वतःचे पाडावेत, आणि ते ॲपवरून न पाडता कृतीवरून पाडावेत. माझे कप्पे वाचन, लेखन, पडताळणी, बोलणी आणि आवराआवर असे पाच आहेत. कोणत्याही कप्प्याला चांगला-वाईट असा शिक्का मारू नये, आणि दिवसाला शंभरापैकी गुण देणारी सोय असेल तर ती पहिल्याच दिवशी बंद करावी.

हे मी अनुभवावरून सांगते. काही वर्षांपूर्वी मी असे गुण देणारे दुसरे एक ॲप वापरत होते. दोन महिन्यांनी माझ्या लक्षात आले की मी लांबलचक तपशीलपत्रके छापून, हातात पेन्सिल घेऊन वाचणे सोडून दिले आहे. कागदावरच्या वाचनाला गुण मिळत नव्हते, म्हणून मी तीच पत्रके पडद्यावर घाईघाईने वाचत होते आणि माझ्या लेखनात चुका वाढल्या होत्या. कागद बंद करायचा असे मी कधी ठरवले नव्हते. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणासंबंधी जो नियम सांगितला, त्याचा पुढे रूढ झालेला आशय असा आहे की एखादे माप हेच उद्दिष्ट झाले की ते माप म्हणून निकामी होते. माझ्या टेबलावर नेमके तेच झाले होते.

उद्दिष्टाचा आकडा उपकरणाबरोबरच घरात येतो, हेही जपून पाहण्यासारखे आहे. रोज दहा हजार पावले चालावे हा आकडा आता सर्वांच्या तोंडी आहे. परंतु त्याचा उगम १९६५ मध्ये जपानात विक्रीला आलेल्या एका पावले मोजणाऱ्या उपकरणात आहे, ज्याचे नावच ‘दहा हजार पावलांचे मापक’ अशा अर्थाचे होते. तसेच पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती ही पोमोदोरो पद्धत फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थिदशेत स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या घड्याळावरून बसवली. ती अनेकांना उपयोगी पडते, पण ज्याला कामात शिरायलाच वीस मिनिटे लागतात त्याने ती तशीच्या तशी का स्वीकारावी?

हाताची नोंद

यंत्राच्या नोंदीशेजारी एक साधी वही ठेवावी. काम बदलले की एक ओळ लिहावी: वेळ, आता काय हाती घेतले, आणि आधीचे का सोडले. यापेक्षा अधिक लिहू नये, कारण लिहिणे जड झाले की चौथ्या दिवशी वही बंद पडते. सोडण्याचे कारण मात्र चुकवू नये. मी त्यासाठी दोनच खुणा ठेवल्या आहेत. फोन आला, कुणी निरोप पाठवला, बैठक सुरू झाली, दारावर कुरिअरवाला आला, म्हणजे काम बाहेरून मोडले, तर ‘बा’. आणि कुणी बोलावलेले नसताना मीच उठले किंवा दुसरी खिडकी उघडली, तर ‘स्व’.

या खुणांमागे कारण आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतील संशोधक ग्लोरिया मार्क गेली अनेक वर्षे कार्यालयीन कामातील अवधानाचा अभ्यास करत आहेत. पडद्यावर एका गोष्टीवर लक्ष टिकण्याचा सरासरी काळ त्यांना २००४ मध्ये सुमारे अडीच मिनिटे आढळला, २०१२ मध्ये ७५ सेकंद, आणि त्यानंतरच्या वर्षांत सुमारे ४७ सेकंद. पहिले मोजमाप निरीक्षकांनी हातात घड्याळ घेऊन केले होते आणि पुढची संगणकाच्या नोंदींवरून झाली, त्यामुळे हे आकडे एकमेकांशी ताडताना थोडे सबुरीने घ्यावेत. मला त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते: माणसांचे काम बाहेरच्या व्यत्ययाने जितके मोडते, जवळपास तितक्याच वेळा ती स्वतःहून ते मोडतात. निरोपांचे घंटानाद बंद केले म्हणजे प्रश्न सुटला, असे मानणाऱ्यांनी वहीतले ‘स्व’ मोजून पाहावेत.

दोन नोंदी शेजारी ठेवल्याने काय दिसते, ते एका सकाळीवरून सांगते. मी तांत्रिक मार्गदर्शिका लिहिण्याचे काम करते, आणि त्या मंगळवारी एका उपकरणाच्या सुरक्षेच्या इशाऱ्यांचा क्रम लावत होते. यंत्राच्या पटावर १०:०५ ते १०:४१ लेखन दिसत होते, नंतर ११:०६ पर्यंत ‘जागेवर नाही’ असा राखाडी पट्टा होता, आणि त्यानंतर तेरा मिनिटे पुन्हा लेखन. वहीत १०:४१ ला लिहिले होते, ‘क्रम जुळत नाही. गॅलरीत. स्व.’ आणि ११:०५ ला, ‘दुसरा इशारा पहिला घ्यायचा. वीज तोडल्याशिवाय वाचणारा झाकणापर्यंत पोचताच कामा नये.’ मी गॅलरीत कुंडीतल्या तुळशीची वाळलेली पाने काढत उभी होते आणि झाकण उघडणाऱ्या माणसाचे हात डोळ्यांसमोर आणत होते. त्या पानावरचे त्या दिवसाचे खरे काम त्या पंचवीस मिनिटांत झाले. पुढची तेरा मिनिटे केवळ ते उतरवून काढण्याची होती. नुसता पट पाहिला असता तर मी त्या राखाडी पट्ट्याबद्दल स्वतःला दोष दिला असता आणि दुसऱ्या दिवशी तशीच अडल्यावर खुर्ची सोडली नसती.

अर्थात राखाडी पट्टा म्हणजे प्रत्येक वेळी चिंतनच असते, असे समजून स्वतःची समजूत घालू नये. त्याच आठवड्यात आणखी दोन मोठे पट्टे होते आणि त्या वेळी वहीत काहीच लिहिलेले नव्हते. तिथे मी फोन घेऊन बसले होते, हे फोनच्या नोंदीने सांगितले. वही यंत्राला दुरुस्त करते तसे यंत्रही वहीला दुरुस्त करते, म्हणून दोन्ही हव्यात.

पहिला आठवडा धरू नये

आपण स्वतःवर लक्ष ठेवू लागलो की आपले वागणे बदलते. मानसोपचारात तर याचा मुद्दाम उपयोग करतात: सिगारेट सोडू पाहणाऱ्याला आधी प्रत्येक सिगारेटची नोंद ठेवायला सांगतात, आणि बऱ्याचदा नुसत्या नोंदीनेच संख्या काहीशी उतरते. हा परिणाम बहुधा फार काळ टिकत नाही. म्हणून रोजकिर्दीचा पहिला आठवडा सरावाचा समजावा आणि त्याचे आकडे हिशेबात घेऊ नयेत. त्या आठवड्यात आपण पाहुण्यांसमोर वागावे तसे वागत असतो.

खतावणी

रोज संध्याकाळी आलेख पाहण्याची सवय लावून घेऊ नये. रोजचा आकडा एखाद्या आजारी मुलाने, वीज गेल्याने किंवा एका लांबलेल्या कॉलने खालीवर होतो, आणि त्यावरून स्वतःविषयी मत बनवणे अन्यायाचे आहे. शनिवारी सकाळी अर्धा तास काढावा, आठवड्याचा पट आणि वही शेजारी घ्यावी, आणि पहिल्या पानावर लिहिलेला प्रश्न पुन्हा वाचून त्यापुरतेच पाहावे. माझा प्रश्न सलग कामाच्या वेळेचा होता. मी फक्त ४० मिनिटांहून लांब, न मोडलेले पट्टे पेन्सिलने खुणावले आणि त्यांच्या वेळा लिहिल्या. तीन आठवड्यांत असे पट्टे जवळजवळ सगळे सकाळी साडेअकराच्या आत आले होते, आणि जे दिवस त्यांच्यावाचून गेले त्या बहुतेक दिवशी मी सकाळी उठल्या उठल्या कार्यालयीन निरोप पाहिले होते.

यावरून एकच बदल करावा आणि पुढचा आठवडा त्याला द्यावा. मी अकरापर्यंत निरोप न उघडण्याचे ठरवले आणि तसे सहकाऱ्यांना आधी सांगितले. अडचणीचे काही असेल तर फोन करा, असेही सांगितले. दोन आठवड्यांत दोन फोन आले आणि दोन्ही खरोखर अडचणीचे होते. एकाच वेळी चार बदल केले तर कोणत्या बदलाने काय झाले हे कळत नाही, आणि पाचव्या दिवशी चारही सुटतात.

दुसऱ्याच्या नजरेसाठीची नोंद वेगळी ठेवावी

आतापर्यंत सांगितलेली नोंद आपली आपल्यासाठी होती. कामाच्या ठिकाणी आणखी एक नोंद चालू असते, आणि दोन्ही मनात एकमेकींत मिसळतात ही मला सर्वांत काळजीची गोष्ट वाटते. सहकाऱ्यांशी निरोप आणि बैठकींसाठी वापरल्या जाणाऱ्या टीम्ससारख्या ॲपमध्ये पाच मिनिटे संगणकाला हात लागला नाही की नावाशेजारचा हिरवा ठिपका पिवळा होतो. अपवर्क या स्वतंत्रपणे कामे घेणाऱ्यांच्या संकेतस्थळावर तासाच्या दराने काम करणाऱ्यांच्या पडद्याचे छायाचित्र दर दहा मिनिटांच्या टप्प्यात एकदा घेतले जाते आणि कळफलक-माऊसच्या हालचाली मोजल्या जातात. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलेल्या ‘प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर’मध्ये व्यवस्थापकांना एकेका कर्मचाऱ्याचे नावानिशी आकडे दिसत होते, त्यावर टीका झाल्यावर कंपनीने त्याच वर्षी १ डिसेंबरला व्यक्तींची नावे काढून टाकत असल्याचे जाहीर केले. या सगळ्यांत वाचन, विचार, कागदावरची आकृती आणि सहकाऱ्याला समजावून सांगणे यांची नोंद जवळजवळ शून्य होते.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. हिरवा ठिपका हे आपल्या कामाचे माप नाही, तेव्हा रोजकिर्दीत त्याला जागा देऊ नये. माऊस आपोआप हलता ठेवणारी साधने वापरू नयेत. ती वापरल्यावरून परदेशांत लोकांच्या नोकऱ्या गेल्या आहेत, आणि त्याहून वाईट म्हणजे ती वापरणारा माणूस हालचाल म्हणजेच काम हे स्वतःच मान्य करून बसतो. विचारासाठी उठायचे असेल तर कॅलेंडरवर तेवढा वेळ ‘वाचन’ किंवा ‘आराखडा’ असे उघड लिहून अडवावा. कंपनी आपल्या संगणकावरून काय काय टिपते, ते किती काळ ठेवते आणि कुणाला दाखवते, हे मनुष्यबळ विभागाला लेखी विचारावे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी माहिती हाताळण्याची मुभा मालकाला दिलेली आहे, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला आपली संमती मागितली जाईल अशी अपेक्षा धरू नये. पण विचारायला काहीच अडकाठी नाही, आणि नम्र भाषेत विचारलेल्या अशा ईमेलला मला तरी सरळ उत्तर मिळाले.

आणि आपली रोजकीर्द कुणालाही जशीच्या तशी देऊ नये, चांगल्या वरिष्ठालाही नाही. दुसरा वाचणार आहे हे कळताच तिच्यातले ‘स्व’ कमी होऊ लागतात. बैठका कमी कराव्यात असे म्हणायचे असेल, तर त्यापुरती गोळाबेरीज वेगळ्या कागदावर मांडून न्यावी.

थांबणे

ठरलेल्या तारखेला सॉफ्टवेअर बंद करावे. संगणक सुरू होताच ते आपोआप सुरू होण्याची सोयही काढून टाकावी, नाहीतर ते मूकपणे टिपत राहते. प्रश्नाचे उत्तर, केलेला बदल आणि त्याचा परिणाम एवढे वहीच्या शेवटच्या पानावर लिहावे आणि बाकीची कच्ची माहिती पुसून टाकावी; तीन आठवड्यांचा मिनिटामिनिटाचा माग जपून ठेवण्याचे कारण नसते आणि तो उगाच जोखीम होऊन राहतो. काही जणांना आकडे बंद झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस चुकल्यासारखे होते. ते ओसरते. माझी मागची फेरी फेब्रुवारीत झाली आणि पुढची ऑगस्टमध्ये आहे. तिच्यासाठी वहीवर प्रश्न आत्ताच लिहून ठेवला आहे, पडताळणी मी दुपारच्या जेवणानंतर का ढकलते, आणि तेव्हा ती किती वेळा अर्धवट सुटते.